गाईला चार पोटे नसतात
गाईला चार पोटे असतात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात तिचे जठर एकच असून त्याचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठ्या कप्प्यात, म्हणजे रुमेनमध्ये, पूर्ण वाढलेल्या गाईच्या बाबतीत 100 लिटरहून अधिक ऐवज मावतो आणि तेथील असंख्य सूक्ष्मजीव गवतातले सेल्युलोज, म्हणजे त्यातला चिवट तंतुमय भाग, आंबवून फोडतात, जे काम गाईचे स्वतःचे पाचकरसही करू शकत नाहीत. रवंथ करणाऱ्या गाईच्या गळ्याकडे नीट पाहिले, तर चाऱ्याचा गोळा वर सरकताना दिसतो. आम्ल आणि पाचकरस स्रवतो तो मात्र चौथाच कप्पा. माणसाच्या जठराशी खरी तुलना त्याचीच होऊ शकते. वासराने प्यालेले दूध तर एका पन्हळीतून, रुमेनला वळसा घालून, थेट तेथेच पोहोचते.