कानचा महोत्सव आणि कानचा बाजार

दरवर्षी मे महिन्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान शहरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि त्याच सुमारास आपल्याकडे अमुक मराठी चित्रपट, तमुक लघुपट किंवा एखादी अभिनेत्री ‘कानमध्ये झळकली’ असे मथळे दिसू लागतात. मथळ्याखालची बातमी बहुतेक वेळा खरीच असते. मात्र ती महोत्सवाची आहे की महोत्सवाच्या जोडीने भरणाऱ्या चित्रपट बाजाराची, हे तिच्यातून क्वचितच कळते. दोन्ही उपक्रम एकाच संस्थेचे, एकाच काळातले आणि समुद्रकाठच्या एकाच ‘पॅले दे फेस्टिव्हाल’ या इमारतीभोवती चालणारे असल्यामुळे गल्लत सहज होते, आणि ती होऊ देण्यात काहींचा फायदाही असतो.

महोत्सव १९३९ मध्येच भरायचा होता, पण दुसरे महायुद्ध सुरू झाल्याने तो १९४६ मध्ये भरला. त्या पहिल्याच वर्षी चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला सर्वोच्च पुरस्कार इतर चित्रपटांबरोबर विभागून मिळाला होता. आज या महोत्सवाकडे दोन हजारांहून अधिक पूर्ण लांबीचे चित्रपट विचारार्थ येतात आणि त्यांतून मुख्य स्पर्धेत साधारण वीस-बावीसच पोहोचतात. त्याखेरीज वेगळ्या वाटेच्या चित्रपटांसाठीचा ‘अन सर्टन रिगार्ड’, स्पर्धेबाहेरील चित्रपट, चित्रपटशाळांतील विद्यार्थ्यांसाठीचा ‘ला सिनेफ’ आणि जुन्या चित्रपटांसाठीचा ‘कान क्लासिक्स’ असे विभाग आहेत. या सर्वांना मिळून ‘अधिकृत निवड’ म्हणतात. निवड महोत्सवाचे संचालक व त्यांची समिती करते, बहुतांश नावे एप्रिलमध्ये पॅरिसमधील पत्रकार परिषदेत जाहीर होतात, आणि स्पर्धेतील चित्रपट आधी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवलेला नसावा, अशी अट असते. २०२४ मध्ये पायल कपाडिया यांचा, मुंबई आणि रत्नागिरीत घडणारा ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ मुख्य स्पर्धेत होता. शाजी करुण यांच्या १९९४ मधील ‘स्वाहम्’नंतर तीस वर्षांनी भारतीय चित्रपटाला तेथे स्थान मिळाले होते आणि त्याने ‘ग्रां प्री’ हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळवला. त्याच वर्षी पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या चिदानंद नाईक यांच्या लघुपटाला ‘ला सिनेफ’चे पहिले पारितोषिक मिळाले, तर श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ क्लासिक्स विभागात दाखवला गेला. तिन्ही नावे अधिकृत निवडीतीलच असली, तरी त्यांचे विभाग आणि निकष वेगवेगळे होते.

बाजार, म्हणजे ‘मार्शे द्यू फिल्म’, १९५९ मध्ये सुरू झाला. येथे जगभरातून बारा हजारांहून अधिक निर्माते, वितरक, विक्री प्रतिनिधी आणि महोत्सवांचे आयोजक शुल्क भरून नोंदणी करतात. ज्याला आपला चित्रपट दाखवायचा आहे, तो पॅलेमधील छोट्या दालनात किंवा शहरातील एखाद्या चित्रपटगृहात ठरावीक वेळ भाड्याने घेतो. त्या चित्रपटाला कलात्मक चाळणीतून जावे लागत नाही. तो जुना असू शकतो, अपुरा असू शकतो, नुसती काही मिनिटांची झलकही असू शकते. पटकथा आणि कलाकारांची नावे एवढ्याच भांडवलावरही येथे करार होतात. प्रेक्षक प्रामुख्याने खरेदीदार असतात. दहा मिनिटांत अंदाज आला की ते उठून दुसऱ्या दालनाकडे जातात, आणि यात कोणी अपमान मानत नाही. येथे परीक्षक मंडळ नसते आणि सुवर्णझावळीचा, म्हणजे महोत्सवाच्या ‘पाम दोर’ या सर्वोच्च पुरस्काराचा, प्रश्नच येत नाही. आपल्या बातम्यांतील ‘उदंड प्रतिसाद’ मला म्हणूनच नेहमी थोडा संशयास्पद वाटतो.

महाराष्ट्रापुरता आणखी एक गुंता आहे. गेली काही वर्षे राज्य शासन चित्रपट महामंडळामार्फत काही मराठी चित्रपट कानच्या बाजारात पाठवते. त्यांची निवड खरोखर होते, कारण त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली जाते. पण ती समिती महाराष्ट्राची असते, कानची नव्हे. ‘कानसाठी निवड’ हे शब्द त्यामुळे खोटे ठरत नाहीत, तरीही वाचणाऱ्याच्या मनात ते फ्रेंच निवड समितीचे चित्र उभे करतात. योजना म्हणून मला ती योग्यच वाटते. परदेशी खरेदीदारांच्या वाटेला सहसा न येणाऱ्या भाषेतील चित्रपटाला त्यांच्यासमोर ठेवण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही, आणि दालनाचे भाडे, प्रवास, प्रसिद्धी हा खर्च छोट्या निर्मात्याला एकट्याने झेपण्यासारखा नसतो. प्रश्न एवढाच आहे की, गावी परतल्यावर सत्कार कशाचा करायचा.

लघुपटांबाबत हा घोळ अधिक झाला. बाजाराच्या ‘शॉर्ट फिल्म कॉर्नर’मध्ये बराच काळ शुल्क भरून नोंदणी केली की लघुपट तेथील संग्रहात बघण्यासाठी उपलब्ध होत असे. कित्येक होतकरू दिग्दर्शकांच्या परिचयात ‘कानमध्ये निवड’ ही ओळ तेथून आली.

लाल गालिच्यावरील छायाचित्र तर कशाचाच पुरावा नाही. तो अंथरलेल्या पॅलेच्या पायऱ्यांवर प्रसाधनांच्या जाहिरातीसाठी आलेले तारे असतात आणि निमंत्रण मिळालेले पाहुणेही असतात.

‘क्रिटिक्स वीक’ आणि ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ हे कानमध्ये त्याच काळात भरणारे चित्रपट विभाग मात्र बाजारात मोडत नाहीत. अनुक्रमे फ्रेंच समीक्षकांची आणि दिग्दर्शकांची संघटना ते स्वतंत्रपणे भरवते. ते अधिकृत निवडीबाहेरचे असले तरी त्यांची चाळणी कडक आहे. रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ २०१३ मध्ये क्रिटिक्स वीकमध्येच होता.

तेव्हा बातमी वाचताना विभागाचे नाव शोधावे. ते दिलेले नसेल आणि केवळ ‘प्रदर्शन झाले’ एवढेच म्हटलेले असेल, तर बहुधा बाजार समजावा. खात्रीसाठी महोत्सवाची अधिकृत यादी सर्वांना खुली असते. अशीच जोडी आपल्या शेजारीही आहे. २००४ पासून पणजीत भरणाऱ्या इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, जोडीने २००७ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा ‘फिल्म बाजार’ भरत आला आहे. इफ्फीच्या ‘इंडियन पॅनोरमा’ या विभागात परीक्षकांनी निवडलेले भारतीय चित्रपट असतात, तर बाजारातील ‘व्ह्यूइंग रूम’मध्ये निर्मात्याने शुल्क भरून ठेवलेला चित्रपट खरेदीदार संगणकावर बघतात. गोव्याहून येणाऱ्या बातम्यांनाही विभागाचे नाव विचारायला हरकत नाही.