एए मीटिंग शोधणे

एए मीटिंग शोधणे म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्या माणसाने आपल्या भागात, दारूचा त्रास असलेल्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग कुठे, कोणत्या वारी, किती वाजता भरते ते काढणं आणि तिथे जाऊन बसणं. पत्ता काढायचं काम एका फोनवर होतं, जाऊन बसणं अवघड. मीटिंगच्या जागी मोठा बोर्ड बहुतेक नसतोच, कधी महापालिकेच्या शाळेतला वरच्या मजल्यावरचा एखादा वर्ग, कधी चर्चचा हॉल, आणि वॉचमनला "दारू सोडायची मीटिंग कुठेय हो" असं विचारायची लाज वाटून गेटवरूनच परत फिरणारे काही कमी नाहीत. नुसतं "एए कुठे?" विचारलं तरी पुरतं.

गंमत म्हणजे एएचा जन्मच अशा शोधाशोधीतून झालाय. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस बिल विल्सन धंद्याच्या कामाने ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गेला होता, तिथलं काम फिसकटलं, दारू सोडून जेमतेम काही महिने झालेले, आणि हॉटेलच्या लॉबीला लागून बार. बारमध्ये शिरायच्या ऐवजी त्याने तिथल्या चर्चच्या यादीवरून फोन लावायला घेतले, दारूच्या पायी गांजलेला कुणी माणूस बोलायला मिळेल का म्हणून, आणि त्यातून गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. डॉ. बॉबनी दारू कायमची सोडली ती तारीख १० जून १९३५, हाच एएचा स्थापना दिवस मानतात. भारतात एए १९५० च्या दशकात आलं, आणि त्याचं जनरल सर्व्हिस ऑफिस, म्हणजे देशातलं मुख्य कार्यालय, मुंबईत आहे.

शोधायची सोपी वाट म्हणजे एए इंडियाच्या वेबसाइटवरचा हेल्पलाइन नंबर. मीटिंगच्या याद्या नेटवर भरपूर सापडतात पण त्यातल्या किती ताज्या असतील सांगता येत नाही, शाळेत परीक्षा लागली, निवडणुकीचं बूथ आलं, नाहीतर गणपतीत हॉल दुसऱ्या कुणाला दिला की मीटिंग तात्पुरती हलते आणि यादीत जुनाच पत्ता राहतो, म्हणून निघायच्या आधी फोन करायचा म्हणजे करायचाच. फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतःच दारूतून बाहेर आलेला असतो, त्यामुळे तो उपदेश करत बसत नाही, कुठे राहता विचारतो आणि जवळचा ग्रुप सांगतो. त्याला दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: मीटिंग मराठीत आहे का हिंदी-इंग्लिशमध्ये, आणि ओपन आहे का क्लोज्ड. क्लोज्ड मीटिंग फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांची, ओपनला बायको, भाऊ, मित्र कुणीही सोबत येऊन बसू शकतं.

आत गेल्यावर नाव-गाव लिहून घेत नाहीत, पहिलं नाव पुरतं. भिंतीवर बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूतून बाहेर यायच्या एएच्या बारा टप्प्यांचा, बॅनर टांगलेला, लहान मुलांच्या बाकांवर पोट आत घेऊन बसलेले पन्नाशीचे बाप्ये, चहा. एकेक जण उभा राहतो, "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे" म्हणतो आणि आपली कहाणी सांगतो, मधे कुणी टोकत नाही, सल्ले देत नाही. नवीन माणसाने नुसतं ऐकून घरी गेलं तरी चालतं. फी नाही, शेवटी थैली फिरते त्यात इच्छा असेल ते टाकायचं. प्रार्थना होते, त्यात ईश्वराचं नाव येतं, ते काहींना खटकतं. त्यांनी दुसरा ग्रुप बघावा, प्रत्येक ग्रुपचा सूर वेगळा असतो आणि एका मीटिंगवरून सगळ्या एएला नावं ठेवण्यात अर्थ नाही. "हे सगळं बोलून काय होतं" असं विचारणाऱ्यांसाठी, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात एए आणि एएकडे वळवणारे उपचार दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत इतर मानसोपचारांच्या बरोबरीने किंवा जास्त परिणामकारक दिसले.

एक मात्र ध्यानात ठेवायचं, रोज भरपूर पिणाऱ्याने मीटिंगच्या जोशात एकदम बंद केली तर हातपाय थरथरणं, भास, फिट येणं हे होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. मीटिंग हा त्यावरचा इलाज नाही, आधी डॉक्टर. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, जे १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने सुरू केलं, किंवा मुंबईत फादर जो परेरांनी सुरू केलेलं कृपा फाउंडेशन, अशा ठिकाणी दाखल होऊन उपचार घेता येतात, बाहेर पडल्यावर मीटिंग धरायची. सरकारी हेल्पलाइन १४४४६ वर जवळच्या केंद्राची माहिती मिळते. गावात ग्रुपच नसेल तर ऑनलाइन मीटिंग आहेत, कोविडनंतर त्या फारच वाढल्या, आणि परदेशातल्या मराठी माणसालाही त्या बऱ्या पडतात, पण कॅमेरा बंद ठेवून नुसतं बसणाऱ्याला कुणी ओळखत नाही आणि पिण्याची हुक्की आल्यावर फोन करायला नंबर मिळत नाही, तेव्हा जमेल तिथे प्रत्यक्षच जावं.

पिणारा जायला तयार नसेल तरी घरच्यांना थांबायची गरज नसते. बायको, आई-वडील, मुलं यांच्यासाठी अल-अनॉन नावाची वेगळी संघटना आहे, ती १९५१ पासून चालू आहे, आणि मुक्तांगणमध्ये पिणाऱ्यांच्या बायकांचा सहचरी गट चालतो.