पुस्तकं लावा, कागद लावू नका
‘काकांचे कागद मी नीट लावून ठेवलेत’ असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. परवा कॅम्पातल्या एका घरी तेच झालं. काका पियानो शिकवायचे, स्वतः रचनाही करायचे. ते गेल्यावर पुतण्याने दोन रविवार खर्चून स्वरलिपी एका फाइलीत, पत्रं दुसऱ्या, बिलं तिसऱ्या फाइलीत घातली. ‘अगदी लायब्ररीसारखं केलंय, बघा!’

तिथेच सगळं बिनसलं. ग्रंथालय वेगळं, दफ्तर (शाळेचं नव्हे, पेशव्यांचं असतं तसं, जुन्या कागदांचं) वेगळं. नगर वाचन मंदिरातली एखादी प्रत हरवली तर पुस्तक दुसरीकडे मिळतं. दफ्तरातला कागद एकुलता एक. तो घरी नेता येत नाही. इतपत सगळ्यांना कळतं.

कळत नाही ती गोष्ट क्रमाची. पुस्तक कुठल्याही कपाटात ठेवलं तरी तेच राहतं. कागदाचा मात्र अर्धा अर्थ तो कशाच्या शेजारी होता यात असतो. पुतण्याच्या फाइलीत पेन्सिलने लिहिलेलं एक पान होतं, तारीख नाही. ‘हे एका पाकिटात घडी करून ठेवलेलं होतं,’ तो म्हणाला. कुठल्या? आठवेना. पाकिटं सगळी ‘पत्रं’ या फाइलीत, प्रत्येकावर पोस्टाचा शिक्का ठसठशीत. ते एक पाकीट कळलं असतं तर रचनेचं साल निदान अंदाजाने सांगता आलं असतं.

बीथोव्हनच्या बाबतीत हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. तो मार्च १८२७ मध्ये गेला आणि नोव्हेंबरात त्याच्या कागदांचा लिलाव झाला. खर्ड्यांच्या वह्यांमधली कितीतरी पानं फाडून वेगवेगळ्या हातांत गेली. त्या वह्या पुन्हा जुळवताना अभ्यासकांना कागदातली जलचिन्हं, शिलाईची भोकं आणि समोरच्या पानावर उमटलेले शाईचे डाग ताडून पाहावे लागले. डागसुद्धा पुरावा असतो, म्हणून तो पुसू नये.

आपल्या पेशवे दफ्तरातल्या कागदाचा हवाला देताना रुमाल (म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं) क्रमांक देतात, तो उगीच नाही. कुठल्या गाठोड्यातला कागद, हे आधी कळायला हवं.

पिना, लॅमिनेशन वाईटच. सेलोटेपबद्दल मी बोलतच नाही.

काकांचा दुसरा खोका अजून माळ्यावर आहे. आधी उघडून वरून फोटो काढ, मग जसं निघेल तसं मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात आकडे घाल, पाकिटातलं पाकिटातच राहू दे, असं बजावून आलोय. पुतण्याने मान डोलावली. त्याच्या हातात नवीन फाइली होत्या.