क्वीअर-अफर्मेटिव्ह समुपदेशन (ग्रामीण विदर्भ)

समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी आणि बाई-पुरुष या दोनच खान्यांत न मावणाऱ्या माणसांना ‘सुधारायला’ न बसता त्यांच्या बाजूने उभी राहणारी मानसिक आरोग्यसेवा. नव्या नवरीसोबत सासरी जाणारी पाठराखीण तिला संसार शिकवायला जात नाही. परक्या घरात आपले म्हणावे असे एक माणूस असावे म्हणून जाते. या समुपदेशनाला मराठीत एकच शब्द द्यायचा तर ‘पाठराखण’ हा सर्वांत जवळचा.

इलान मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये सविस्तर मांडलेली ‘अल्पसंख्याक ताण’ ही कल्पना याच्या मुळाशी आहे. उदासी, उडालेली झोप, जीव नकोसा होणे हे सारे आपले मन कोणावर बसते यातून येत नाही. टोमणे, मारहाण, उघडे पडण्याची धास्ती आणि ऐकून ऐकून स्वतःविषयीच मनात भरलेली घृणा यांतून ते येते. म्हणून घरात, शाळेत, पारावर तुझ्याशी कोण कसे वागते, हे समुपदेशक आधी विचारतो. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, दंडार या लोकनाट्यात स्त्रीपात्रे पुरुषच करत आले आहेत. रात्री त्या पात्राला दाद देणारे गाव तशाच चालीच्या पोराला दिवसा ‘बायल्या’ म्हणून हाक मारते, आणि ती हाक अंगाला चिकटून राहते.

कायद्याने अनेक ठिकाणी या सेवेची बाजू घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातल्या निकालाने आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 नुसार समाजाच्या चालीरीतींत न बसणे हा मानसिक आजाराचा पुरावा होऊ शकत नाही. लैंगिक कल किंवा जात पाहून उपचारांत भेदभाव करता येत नाही. ‘कन्व्हर्जन थेरपी’, म्हणजे लैंगिक कल किंवा लिंगओळख बदलण्यासाठी केलेले ‘उपचार’, हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सांगितले. मार्च 2024 मध्ये देवू जी. नायर खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले : अशा व्यक्तीची ओळख वा कल बदलावा या हेतूने न्यायालयांनी तिला समुपदेशनाला पाठवू नये. समुपदेशन हेच छळाचे हत्यार होऊ शकते, याची ही स्पष्ट कबुली आहे.

गावात मात्र ‘उपचार’ सहसा लग्नाचाच असतो. “लगन करून द्या, सुदरते आपोआप,” हा सल्ला मावशीही देते आणि कधी कधी तालुक्याचा डॉक्टरही. तुळशीचे लग्न लागले की स्थळे यायला लागतात, आणि ज्याला किंवा जिला हे लग्न नको आहे त्यांचे जेवण तुटते. काही घरे देवऋषीकडे जातात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सोबत आलेल्या आईवडिलांना हे शांतपणे सांगणे हाही समुपदेशनाचाच भाग.

विदर्भात मनाचे दुखणे ऐकून घेणारी यंत्रणा शेतकरी आत्महत्यांच्या निमित्ताने उभी राहिली. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवर काम केले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. 2015 मध्ये राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन ताणाची विचारपूस करतात. घरात शिरणारी, ओळखीची, विश्वासाची बाई ही मोठीच जमेची बाजू. पण या रचनेच्या डोळ्यांसमोर दुःखी माणूस म्हणजे कर्जबाजारी कास्तकार, बायको-लेकरांचा धनी. लग्न का टाळतोय, हे त्याला कोणी विचारत नाही. विचारलेच तर ओसरीवर, सगळ्यांसमोर.

गावातला खरा पेच गुप्ततेचा आहे. 2017 च्या कायद्याचे कलम 23 गोपनीयतेचा हक्क देते, पण औषधाच्या दुकानातला पोरगा चुलतभावाचा मित्र निघतो आणि दवाखान्याबाहेर कोण बसले होते ते संध्याकाळपर्यंत गावभर होते. नागपुरात 2016 मध्ये प्राइड मिरवणूक निघाली, तिथे सारथी ट्रस्टसारखी संस्था आहे; पण गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्याहून नागपूर गाठायचे तर अख्खा दिवस जातो, आणि घरी काय सांगून निघायचे हा प्रश्न उरतोच.

म्हणून शहरी प्रशिक्षणातले ‘घरी सांगून मोकळे व्हा’ हे वाक्य इथे घातक ठरू शकते. दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणाऱ्या, नावावर गुंठाही नसलेल्या दलित किंवा गोंड मुलीला घर सोडल्यावर जायला जागा नसते. ती परजातीतल्या मुलीसोबत पळाली, तर हरवल्याच्या तक्रारीमागे जातीचा रागही धावत येतो. जात, जमीन आणि मजुरी सोडून फक्त लैंगिकतेवर बोलणारा समुपदेशक तिचे अर्धेच ऐकतो. जाणता समुपदेशक तिच्यासोबत साध्या गोष्टी ठरवतो : घरात विश्वासाचे कोण, लग्न एक हंगाम पुढे कसे ढकलायचे, शिक्षण कसे चालू ठेवायचे. फवारणीचे औषध घरात कुठे असते, हे तो न चुकता विचारतो. ते औषध कुलपात आणि किल्ली भरवशाच्या माणसाकडे राहील असे पाहतो.

2022 पासून चालू असलेल्या ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. घरात चार माणसे कान देऊन बसलेली असताना फोनवर बोलायचे कुठे, हा प्रश्न राहतो. रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला गेलेल्या पोराला धुऱ्यावर मात्र मोकळी हवा मिळते. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फोन. मध्येच तो “हो रे भाऊ, कापूस बराय,” असे काही बोलू लागतो. शेजारच्या वावरातला कोणी जवळ आला आहे, हे जाणत्या समुपदेशकाला कळते. तोही मग कापसाबद्दल बोलतो, पावले दूर जाईपर्यंत.