सीसॉ यंत्रणा

न्यूट्रिनो या विद्युतप्रभार नसलेल्या मूलकणाचे वस्तुमान इतके कमी का, याचा उलगडा करू पाहणारी सैद्धांतिक भौतिकीतील कल्पना. बागेतल्या सीसॉचे एक टोक खाली दबले की दुसरे वर जाते; तसे येथे एक कण जितका जड, तितका त्याचा जोडीदार हलका.

न्यूट्रिनोंना वस्तुमान नाहीच, असे कणभौतिकीच्या प्रमाण प्रतिमानात (मूलकण व त्यांच्यातील बलांच्या सर्वमान्य सिद्धांतात) दीर्घकाळ गृहीत होते. १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांदे प्रयोगाने वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो वाटेत आपला फ्लेवर, म्हणजे इलेक्ट्रॉन, म्यूऑन व टाऊ या तीन प्रकारांपैकी आपला प्रकार, बदलतात, असे दाखवले. सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंबाबत कॅनडातील सडबरी वेधशाळेला तेच आढळले. वस्तुमानांत फरक असल्याशिवाय असा बदल घडत नाही. या शोधांसाठी ताकाआकी काजिता व आर्थर मॅकडॉनल्ड यांना २०१५ चे नोबेल मिळाले. (वातावरणीय न्यूट्रिनोंच्या पहिल्या नोंदी १९६५ च्या; त्यांपैकी एक कोलारच्या सोन्याच्या खाणीत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागाने झाली.) तीनपैकी किमान एका न्यूट्रिनोचे वस्तुमान ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचे वस्तुमान मोजण्याचे एकक) तरी असावे लागते. इलेक्ट्रॉनचे ५,११,००० आहे.

ही दरी हिग्ज क्षेत्राशी (मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राशी) असलेली न्यूट्रिनोची जोडणी हवी तितकी क्षीण मानूनही भरता येते, पण मग ती क्षीण का, हा प्रश्न तसाच राहतो. सीसॉ यंत्रणा वेगळी वाट धरते. आजवर पाहिलेले न्यूट्रिनो डावखुरे आहेत, म्हणजे त्यांची फिरकी गतीच्या उलट दिशेला असते. त्यांना उजवा जोडीदार असेल, तर त्याच्यावर कोणताच प्रभार नसल्याने त्याचे वस्तुमान हिग्जच्या मर्यादेत अडकत नाही, ते प्रचंड असू शकते. गणित केले की हलक्या न्यूट्रिनोचे वस्तुमान म्हणजे नेहमीच्या, हिग्जकडून मिळणाऱ्या वस्तुमानाचा वर्ग भागिले जड जोडीदाराचे वस्तुमान. पहिले १०० जीईव्ही (१ जीईव्ही म्हणजे एक अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) धरू (प्रोटॉन सुमारे १ जीईव्हीचा) आणि जोडीदार एकावर १४ शून्ये इतक्या जीईव्हीचा. उत्तर येते ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे नेमके प्रयोगांच्या आसपास. या कल्पनेचे खरे बळ या साध्या भागाकारात आहे.

पीटर मिन्कोव्स्की यांनी १९७७ मध्ये ती मांडली. पुढच्या दोन-तीन वर्षांत यानागिदा; गेल-मान, रॅमाँ व स्लान्स्की; तसेच ओडिशात जन्मलेले रवींद्रनाथ मोहपात्रा व गोरान सेन्यानोविच हेही तेथे पोहोचले. उजव्या न्यूट्रिनोऐवजी दुसरे जड कण घेणारी दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारची रूपे नंतर रुळली.

यंत्रणा खरी असेल तर न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा प्रतिकण ठरतो. तसे असेल तरच अणुकेंद्रातून दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडूनही एकही प्रतिन्यूट्रिनो न निघणे शक्य आहे; म्हणून अशा न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षयाचा शोध जगभर चालू आहे. तो अद्याप निर्विवाद दिसलेला नाही. फुकुगिता व यानागिदा यांनी १९८६ मध्ये विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य जास्त का, याचे मूळही जड न्यूट्रिनोंच्या क्षयात असू शकते, असे सुचवले.

मात्र फ्लेवरचे कोडे सीसॉ यंत्रणा एकटी सोडवत नाही. वेगवेगळे फ्लेवर एकमेकांत किती मिसळतात, ते कोनांनी मोजतात. क्वार्कांच्या (प्रोटॉन-न्यूट्रॉन घडवणाऱ्या मूलकणांच्या) मिश्रणातला सर्वांत मोठा कोन सुमारे १३ अंश. न्यूट्रिनोंमध्ये एक ३३ च्या आसपास, दुसरा ४५ च्या जवळ, तिसरा साडेआठ. हे आकडे असेच का, यासाठी सिद्धांतकार सीसॉला वेगवेगळ्या सममितींची जोड देऊन पाहतात. सर्वमान्य उत्तर अजून हाती आलेले नाही.