छातीतला तिसरा संशयित

रविवारी सकाळी मिसळ होते, दुपारी छातीच्या मधोमध कळ येते आणि नाशिककराच्या घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "ॲसिडिटी आहे, तर्री कमी घे म्हटलं होतं." दुसरा गाडीची किल्ली शोधायला लागतो, कारण त्याच्या मते हा हार्टच. दोघांचंही लक्ष छातीच्या आत. ज्या हाडावर हात ठेवून तो बिचारा "इथं दुखतंय" म्हणतोय, त्या हाडाचा संशय कुणालाच येत नाही.

आधीच सांगून टाकतो: माझं मत किल्ली शोधणाऱ्याच्या बाजूचं. छातीवर दाब आल्यासारखं वाटतंय, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातेय, घाम फुटलाय, दम लागतोय, तर पुढचा लेख नंतर वाचा, आधी ईसीजी काढा. मधुमेही माणसांत आणि वयस्कर बायकांत तर हृदयविकाराचा झटका कित्येकदा एवढीसुद्धा वर्दी देत नाही. नुसती अस्वस्थता, मळमळ, थकवा. तेव्हा छातीच्या हाडावर आळ घ्यायचा तो हृदयाची सुटका झाल्यानंतरच. पण ती झाली की मात्र या हाडाकडे नीट बघायला हवं.

पाठ्यपुस्तकात त्याला उरोस्थी म्हणतात. ते चपटं, उभं, मोठ्या माणसात साधारण 15 ते 17 सेंटिमीटर लांबीचं असतं. त्याचे भाग तीन. वरचा रुंद तुकडा, मधला लांब तुकडा आणि खाली पोटाच्या तोंडाशी एक छोटं टोक. हे वाचता वाचता स्वतःच्या छातीवर शोधता येतात. गळ्याच्या खाली, दोन हासळ्यांच्या मध्ये खळगा आहे, तिथं बोट ठेवा आणि सरळ खाली सरकवा. चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला आडवा उंचवटा लागेल. वरचा आणि मधला तुकडा इथं जुळतात. डॉक्टर त्याला लुईचा कोन म्हणतात. दिसायला काहीच नाही, पण छातीच्या नकाशातला मैलाचा दगड हाच. पहिली बरगडी हासळीमागे दडलेली असते, बोटाला लागत नाही. दुसरी मात्र बरोबर या उंचवट्याला येऊन मिळते. तिथून खाली मोजत गेलं की कोणती बरगडी कितवी हे चुकत नाही.

ईसीजी काढणारा तंत्रज्ञ छातीवर पहिले दोन इलेक्ट्रोड लावतो ते या हाडाच्या उजव्या आणि डाव्या काठाला, चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या फटीत. ती फट सापडते या उंचवट्यापासून मोजूनच. घाईत मोजणी वर सरकली तर निरोगी माणसाचा आलेखही शंका यावी असा दिसू शकतो. महाराष्ट्रभरच्या एमबीबीएसच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आपल्या नाशकातच, दिंडोरी रोडला आहे. त्या परीक्षांना बसणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारून बघा, शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत हे हाड हातात दिलं की पुढचा प्रश्न याच उंचवट्याचा असतो.

आता दुखण्याकडे. वरच्या सात बरगड्या या हाडाला थेट जोडलेल्या असतात, पण हाडाला हाड लागून नाही. मध्ये कूर्चा, म्हणजे कार्टिलेज, असते. श्वास घेताना बरगड्या वर उचलल्या जातात आणि त्यांच्यासोबत छातीचं हाड हापशाच्या दांड्यासारखं पुढं-वर येतं. दिवसाला वीसेक हजार श्वास. तेवढ्या वेळा हे सांधे हलतात. तिथं सूज आली की होतो तो कॉस्टोकॉन्ड्रायटिस. नाव भारदस्त, आजार साधा, पण माणसाला घाबरवण्यात पटाईत. बहुतेक वेळा डावीकडे दुखतं, दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या जोडावर, म्हणजे नेमकं जिथं आपण 'हार्ट' समजतो तिथं.

द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडचा शेतकरी दवाखान्यात येतो तेव्हाचा संवाद साधारण असा असतो.

"डॉक्टर, चार दिवस झाले, श्वास घेतला की चमकतं."

"काका, एका बोटानं दाखवा कुठं दुखतंय."

काका हाडाच्या डाव्या काठावर बरोबर एका जागी बोट टेकवतात. डॉक्टर आधी ईसीजी काढून घेतात, तो नीट येतो. मग त्याच जागेवर अंगठ्यानं दाबतात. काका "आई गं" करून मागे सरकतात.

"सध्या काम काय चाललंय?"

"माल काढणी चालूये. क्रेट उचलून गाडीत टाकतोय."

एका बोटानं दाखवलेली आणि अख्खी मूठ छातीवर ठेवून दाखवलेली दुखणी वेगळी असतात, हे जुने डॉक्टर रुग्ण बोलायच्या आधीच टिपतात. हृदयाचं दुखणं असं एका ठिपक्यावर सहसा बसत नाही. पण हा नियम घरी वापरायचा नाही. ज्यांना खरोखर झटका आलेला असतो त्यांतल्याही काहींना छाती दाबल्यावर दुखतं. म्हणून आधी ईसीजी, मग अंगठा, हा क्रम उलटा करू नये.

कॉस्टोकॉन्ड्रायटिसला कारण सापडतंच असं नाही. जोराचा खोकला, जड वजन, सवय नसताना जिममध्ये मारलेले पुश-अप्स, यांपैकी काहीतरी आठवतं. गणपतीच्या मिरवणुकीत ऐनवेळी पथकात घुसून कमरेला ढोल बांधणाऱ्यांनाही दुसऱ्या दिवशी छातीच्या कडा दुखल्या तर नवल नाही. उपाय साधेच: शेक, थोडी विश्रांती, डॉक्टरांनी दिलेली सूज उतरवणारी गोळी, हळूहळू ताण देणारे व्यायाम. काही आठवड्यांत उतरतं, कधी काही महिने रेंगाळतं. याच दुखण्यासोबत जोडावर डोळ्यांना दिसेल अशी सूज आली तर त्याला टिट्झे सिंड्रोम म्हणतात. ब्रेस्लाऊचे जर्मन सर्जन अलेक्झांडर टिट्झे यांनी 1921 मध्ये त्याचं वर्णन केलं. तो बराच दुर्मीळ.

हाडाचं खालचं टोक वेगळीच गंमत करतं. तरुणपणी ते कूर्चेचं असतं, चाळिशीच्या आसपास त्याचं हाड व्हायला लागतं. कुणाचं आत वळलेलं, कुणाचं बाहेर, कुणाचं दुभंगलेलं. एखाद्यानं मनावर घेऊन दहा-बारा किलो वजन उतरवलं की चरबीखाली झाकलेलं हे टोक अचानक हाताला लागतं आणि 'पोटाच्या वर गाठ आली' म्हणून घर हादरतं. ती गाठ त्याच्या जन्मापासून तिथंच होती. तरी एकदा डॉक्टरांचा हात लावून घ्यावा, झोप तरी लागते.

गर्भात हे हाड सुरुवातीला दोन उभ्या कूर्चापट्ट्या असतं. दोन्ही पट्ट्या जवळ येऊन दहाव्या आठवड्याच्या सुमाराला जुळतात. जुळणी कुठं अर्धवट राहिली तर हाडाच्या खालच्या भागात एक गोल भोक राहतं. साधारण वीस माणसांत एकाला ते असतं आणि आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. सांगाड्यावर ते गोळीच्या भोकासारखं दिसतं, म्हणून न्यायवैद्यक तपासणाऱ्यांना त्याची माहिती ठेवावी लागते. त्या भोकामागे थेट हृदयाचं आवरण असतं. छातीवर ॲक्युपंक्चरची सुई सरळ खुपसली जाऊन त्या भोकातून हृदयाला इजा झाल्याची आणि माणूस दगावल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. जाणकार तिथं सुई तिरकीच घालतात.

मुलांच्या बाबतीत लोक विचारतात ते छातीतल्या खड्ड्याबद्दल. बरगड्यांच्या कूर्चा वेड्यावाकड्या वाढल्या की छातीचं हाड आत ढकललं जातं, किंवा कबुतरासारखं पुढं येतं. खड्डा साधारण 300 ते 400 जन्मांमागे एकाला, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त. लहानपणी जेमतेम दिसणारा खड्डा उंची झपाट्यानं वाढते त्या वयात खोल होतो, आणि नेमक्या त्याच वयात मुलगा पोहायला जायचं बंद करतो, शर्ट काढायला तयार होत नाही. घरचे म्हणतात, "मोठा झाला की भरून येईल." सहसा येत नाही. सौम्य खड्ड्याला काही करावं लागत नाही. खोल असेल तर सीटी स्कॅनवर छातीची रुंदी भागिले हाड ते मणका हे अंतर काढतात. हा आकडा 3.25 च्या वर गेला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. अमेरिकी सर्जन डोनाल्ड नस यांनी 1987 मध्ये छाती मोठी न उघडता हाडाखालून वाकवलेली धातूची पट्टी सरकवून खड्डा वर उचलायची पद्धत सुरू केली. पट्टी दोन-तीन वर्षं आत ठेवून काढून टाकतात. पुढं आलेल्या छातीला वाढत्या वयात दाब देणारा पट्टा पुष्कळदा पुरतो, पण तो रोज बरेच तास, महिनोन् महिने घालावा लागतो. शाळकरी पोराकडून हे करवून घेणं म्हणजे आईबापाची परीक्षा.

ज्यांच्यात हे हाड खरोखर पुढं यायलाच हवं, ते आपल्या निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरला भेटतात. 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालेल्या या पाणथळीवर थंडीत जे पक्षी उतरतात त्यांच्या छातीच्या हाडावर मधोमध एक उभी पात असते. पंख मारणारे स्नायू तिला धरून असतात. कोंबडी साफ करताना ब्रेस्ट पीसच्या मधोमध सुरीला लागते ती हीच. मध्यंतरी आपल्याकडे ज्याच्या पालनाची लाट येऊन विरली त्या इमूला ती पात नाही. न उडणाऱ्याला ती कशाला? क्रौंचाची तर कमालच. त्याची लांबलचक श्वासनलिका छातीच्या हाडातल्या पोकळीत वेटोळं घालून बसते, आणि त्याचा आवाज मैलभर जातो. साप मात्र या हाडाशिवायच जगतो. बरगड्या पुढून मोकळ्या, म्हणून स्वतःपेक्षा जाड उंदीर गिळला तरी छाती फाकते.

माणसाचं हे हाड मुद्दाम उघडतात ते बायपाससाठी. कैरोत हर्बर्ट मिल्टन या ब्रिटिश सर्जननं 1897 मध्ये ते उभं चिरून छाती उघडली होती, पण ती वाट पुढं बरीच वर्षं कुणी फारशी वापरली नाही. 1957 मध्ये शिकागोच्या ऑर्मंड ज्युलियननी तिची शिफारस केली आणि मग हृदयाच्या शस्त्रक्रियेचा तो हमरस्ताच झाला. विजेच्या करवतीनं हाड मधोमध कापतात, काम झालं की स्टीलच्या सहा-आठ तारा ओवून, पिळून, टोकं आत वळवून ते बांधतात. तारा जन्मभर आत राहतात. एमआरआयला सहसा अडचण येत नाही.

खरी कसोटी घरी आल्यावर. हाड पक्कं व्हायला जवळपास तीन महिने लागतात. तेवढ्या काळात हंडा उचलणं, क्रेट उचलणं, स्कूटर चालवणं बंद. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून उठायचं. हल्ली काही ठिकाणी सरसकट बंदीऐवजी 'कोपरं अंगाशी ठेवून कामं करा' असं शिकवतात, कारण नुसतं झोपून राहिलं तर खांदे आखडतात. छातीत 'कट्' असा आवाज येत असेल, हाड हलल्यासारखं वाटत असेल, जखमेतून पाणी येत असेल तर लगेच सर्जनकडे जावं. मधुमेह, तंबाखू आणि लठ्ठपणा यांच्यामुळं हाड जुळायला उशीर होतो आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. साखर आटोक्यात न ठेवता बायपासनंतर पेढे खाणाऱ्यांवर माझा विशेष राग आहे.

या हाडात लाल मज्जाही असते आणि म्हातारपणापर्यंत तिथं रक्त तयार होत राहतं. रशियातल्या अरिनकिन यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस इथं सुई घालून मज्जा काढायची सोपी पद्धत दिली आणि रक्ताच्या आजारांचं निदान त्यानं पार बदलून टाकलं. मागेच हृदय असल्यानं आता बहुतेक वेळा कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा घेतात.

राहिला अपघात. मुंबई-आग्रा महामार्गावर, कसारा घाटात समोरासमोर धडक बसली की स्टिअरिंग किंवा सीटबेल्टचा पट्टा याच हाडावर येतो. पट्ट्यानं हाड मोडू शकतं, पण पट्टा नसता तर माणूस काचेवर गेला असता. बहुतेक फ्रॅक्चर शस्त्रक्रियेविना जुळतात. हृदयाला मार बसलाय का हे बघायला ईसीजी मात्र काढावाच लागतो. ठिसूळ हाडांच्या आजीला तर नुसत्या जोरदार खोकल्यानं तडा जाऊ शकतो.

आणि कधी हे हाड आपणच मोडतो, तेही योग्य कारणासाठी. कुणी मोठं माणूस कोसळलं, हाक मारून हलत नाही, श्वास नीट चालत नाही, तर कुणालातरी 108 लावायला सांगा आणि त्याच्या छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवा, अगदी खालच्या टोकावर नको. दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबा, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. हाताखाली काहीतरी मोडल्याचा आवाज येईल. थांबू नका, मोडलेलं हाड नंतर जुळतं. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदला, कारण दमल्यावर दाब उथळ होतो आणि ते स्वतःच्या लक्षातही येत नाही.