काळं-पांढरं एचिंग : पोत हाच विषय कसा झाला

एचिंग, म्हणजे ॲसिडनं धातू खाऊ देऊन चित्र कोरण्याचं तंत्र, चित्रकारांच्या आधी चिलखतं सजवणाऱ्या कारागिरांकडे होतं. जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या डॅनियल हॉप्फरनं १५०० च्या आसपास ते लोखंडी पत्र्यावर आणलं आणि त्यावरून कागदावर ठसे काढले. पुढे तांब्याच्या प्लेटा आल्या, तरी बराच काळ सगळा भर रेषेवरच होता. प्लेटवरचा मेणाचा थर सुईनं खरवडायचा, उघड्या पडलेल्या धातूला ॲसिड खाऊ द्यायचं. गडद छटा हवी असेल तर रेषांवर रेषा मारायच्या. डच चित्रकार रेम्ब्रांट मात्र प्लेट पुसताना थोडी शाई मुद्दाम मागे ठेवायचा. त्यामुळे एकाच प्लेटचे दोन ठसे दोन वेगळ्या प्रहरांतले वाटतात.

रेषेची सक्ती खऱ्या अर्थानं सुटली ती अठराव्या शतकात, ॲक्वाटिंटमुळे. राळेची पूड प्लेटवर भुरभुरून खालून ऊब द्यायची. कण चिकटले की ॲसिड त्यांच्या मधल्या फटींतून तांबं खातं. त्या खरबरीत पृष्ठभागात शाई धरून राहते. प्लेट जितका वेळ ॲसिडमध्ये, तितका काळा गडद. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या १७९९ च्या ‘काप्रिचोस’ या ८० चित्रांच्या मालिकेतलं ३२ वं चित्र पाहा. कोठडीत बसलेली बाई आहे, आणि कोरलेली रेषा एकही नाही. नुसते काळ्या-करड्याचे डाग. चेहऱ्यावरचा उजेड म्हणजे ॲसिडपासून वाचवलेलं तांबं. माझ्या मते अमूर्त एचिंगची खरी सुरुवात इथे आहे, आकृती असूनही.

विसाव्या शतकात आकृतीही गेली. इंग्रज चित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटरनं १९२७ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या कार्यशाळेत (पुढे ‘आतल्ये १७’) मेणाच्या मऊ थरावर कापड दाबून त्याची वीणच प्लेटवर उतरवली जाई.

फ्रेंच चित्रकार पिएर सुलाज याच्याही पुढे गेला. १९५० च्या दशकात त्यानं ॲसिडला इतकं खाऊ दिलं की प्लेटला भोकं पडली, कडा वेड्यावाकड्या झाल्या. दुसऱ्या कुणी ती प्लेट भंगारात टाकली असती. भोकाच्या जागी शाई नाही, म्हणून तिथे कोरा कागद उमटतो. प्रेसच्या दाबानं तो किंचित फुगतोही. ठसा तिरका धरला की हे दिसतं, छापील पुस्तकात कधीच नाही. तो पांढरा म्हणजे उजेड, फट की नुसता कागद? सुलाज काहीच सुचवत नाही. शीर्षकाच्या जागी त्यानं फक्त ‘एचिंग’ आणि क्रमांक एवढंच दिलं.